घोरणं, अटकणारा श्वास आणि न उतरणारं बीपी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की निम्मं खान्देश रात्री गच्चीवर, धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) नाहीतर ओट्यावर झोपायला येतं. एरवी बंद खोलीत राहणारं घोरणं मग गल्लीभर ऐकू जातं आणि सकाळी त्यावरून चेष्टाही होते, ‘आबा रातभर घोरस!’ डॉक्टरला मात्र आवाजापेक्षा मधल्या शांततेत जास्त रस असतो. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो. छाती आणि पोट हलत असतं, पण नाकातोंडातून हवा जात नाही. थोड्या वेळाने गचका बसल्यासारखा श्वास पुन्हा सुरू होतो. ही शांतता १० सेकंद किंवा जास्त टिकत असेल आणि रात्रभरात पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, असण्याची दाट शक्यता आहे.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने करण्यासारखं एक काम आहे. पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा पाच मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढायचा. वेळ पहाटेचीच का? स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते आणि त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात. उताणं झोपलेलं असताना एक आणि कुशीवर असताना एक, असे दोन व्हिडिओ मिळाले तर फारच चांगलं. दवाखान्यात ‘घोरतात थोडं’ असं सांगण्यापेक्षा हे दाखवणं कितीतरी उपयोगाचं.

घशात नेमकं घडतं काय, ते मोटारीवर काम केलेल्या शेतकऱ्याला पटकन कळेल. फूटव्हॉल्व्हला कचरा अडकला आणि सक्शनचा पाइप मऊ असला, तर मोटार ओढत राहते आणि पाइप आतल्या आत चिकटतो. जिभेमागचा घसाही असाच मऊ नळीचा आहे, त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू तो उघडा धरतात, झोपेत ढिले पडतात. मानेत चरबी असेल, जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील किंवा झोपण्याआधी दारू झाली असेल, तर नळी मिटते. फुप्फुसं ओढत राहतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मेंदूला धोका कळतो आणि तो काही क्षणांपुरता जागा होऊन घसा उघडतो. झोपलेल्याला यातलं सकाळी काहीच आठवत नाही.

पण हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक वेळी ॲड्रेनालिनचा झटका बसतो, रक्तवाहिन्या आवळतात, नाडी उसळते आणि रक्तदाब काही सेकंदांत वर जातो. तासाला असे ५ ते १५ प्रसंग म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र ॲप्निया. तीव्र प्रकारात दर दोन मिनिटांनी किमान एकदा हे घडतं. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. ॲप्नियात ती मिळत नाही आणि हळूहळू दिवसाचं बीपीही वर राहू लागतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासाने २००० मध्ये दाखवून दिलं की ॲप्निया जितका जास्त, तितकी पुढच्या चार वर्षांत उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता जास्त. म्हणून तीन गोळ्या (त्यातली एक लघवी वाढवणारी) नियमित घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, तर चौथी गोळी लिहिण्याआधी झोपेची चौकशी व्हायला हवी. ती क्वचितच होते.

आणखी एक खूण नेहमी चुकीच्या खात्यात जमा होते. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं. पन्नाशीनंतर हे झालं की ‘साखर वाढली’ किंवा ‘प्रोस्टेट असेल’ असं धरून चालतात, आणि ते तपासायलाच हवं. पण ॲप्नियातही असं होतं: बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीच्या पोकळीत जोराचा ऋण (आत ओढणारा) दाब तयार होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झालंय असा त्यांचा समज होतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतात.

हाच ताण वर्षानुवर्षं बसत राहिला की वरचे कप्पे मोठे होतात आणि ठोके बेताल पडू लागतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ठोक्यांमधलं अंतर कशाच हिशेबात बसत नसेल तर ईसीजी काढून घ्या. बेताल ठोक्यांवर उपचार झाले आणि ॲप्निया तसाच राहिला, तर ते परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. लकवा होऊन गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये तपासणीत ॲप्निया सापडतो. काहींना तो आधीपासून असतो, काहींचा लकव्याने वाढतो.

संशय आला तर तपासणी घरीही होते. नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टा, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, आणि किमान चार तासांची नोंद. क्लिप निघाली किंवा नळी सरकली तर रात्र वाया जाते, म्हणून दोन्ही चिकटपट्टीने पक्क्या करा. तपासणी कुणाची, यासाठी आठ प्रश्नांची ‘स्टॉप-बँग’ यादी वापरतात: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलेलं असणं, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय पन्नाशीपुढे, कंठमण्याच्या पातळीवर मानेचा घेर ४० सेंमीहून जास्त, पुरुष असणं. तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर तपासा. मात्र बीएमआयची ३५ ची रेघ आपल्याकडे फार वरची आहे. लहान जबड्यामुळे अंगाने बेताच्या माणसालाही ॲप्निया होतो. बायकांमध्ये घोरण्यापेक्षा सकाळची डोकेदुखी, तुटक झोप आणि थकवा पुढे येतो. पाळी गेल्यावर धोका वाढतो, आणि ‘टेन्शन आहे’ म्हणून झोपेची गोळी हातात पडते. काही गोळ्या श्वास आणखी मंदावतात.

मुख्य उपचार म्हणजे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं. मास्कमधून सौम्य दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवायचा, एवढंच तत्त्व. दाब साधारण ४ ते २० सेंमी पाण्याइतका, तपासणीवरून ठरवलेला. बरेच लोक सुरुवातीलाच यंत्र कपाटात टाकतात आणि मास्कची गळती हे त्याचं एक मोठं कारण असतं. मास्क आडवं होऊन, यंत्र सुरू ठेवून बसवायचा, कारण उभ्याने बसवलेला मास्क झोपल्यावर सरकतो. पट्टे करकचून आवळले तर मास्कची मऊ गादी चेपून गळती वाढते. झुपकेदार मिशी असेल तर नाकपुडीत बसणारा छोटा मास्क मागा. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर हवा तोंडातून निसटते आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धुळीने फिल्टर लवकर भरतो, तो महिनाभर चालेल असं गृहीत धरू नका. वीज गेली तर यंत्र इन्व्हर्टरवर चालतं, पण हवा दमट करणारा भाग बंद ठेवा, बॅटरी तोच जास्त खातो.

यंत्र लावलं म्हणजे हार्ट ॲटॅक टळला, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१६ च्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतही होता, सीपॅपने हृदयविकार आणि लकव्याच्या घटना कमी झाल्या नाहीत. त्यात लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, आणि तेवढ्याने पहाटेची सर्वांत वाईट झोप उघडीच राहते. रक्तदाब सरासरी २ ते ३ मिमी उतरतो, गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत थोडा अधिक. त्यामुळे गोळ्या बंद करायच्या नाहीत. सौम्य ॲप्नियात कुशीवर झोपणं (बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात चिंध्यांचा चेंडू, हा उपाय खरंच चालतो), रात्रीची दारू बंद आणि वजन १० टक्के उतरवणं यानेही बराच फरक पडतो.

ॲप्निया नसला तरी तुटलेली झोप हृदयाला त्रास देतेच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात थ्री-फेज वीज रात्रपाळीत आली की शेतकरी मध्यरात्री मळ्यात जातो. भुसावळचे रेल्वेचालक, दीपनगरच्या औष्णिक केंद्रातले कामगार यांचंही तेच. पाळीने काम करणाऱ्यांत हार्ट ॲटॅक आणि लकवा, दोन्हींचं प्रमाण जास्त आढळतं. पाळी टळणार नसेल तर जाण्याआधी संध्याकाळी तासभर झोपा, परतल्यावर खिडकीला जाड गोधडी लावून अंधार करा आणि पहाटेचा चहा टाळा. बीपीची गोळी सकाळी घ्या वा रात्री, ब्रिटनमधल्या २०२२ च्या एकवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत फरक दिसला नाही. पाळी बदलली म्हणून गोळी चुकणं जास्त वाईट.

लकव्याचे जवळपास पाचातले एक रुग्ण झोपेतून उठतानाच लकव्यासह उठतात, आणि तिथे घड्याळ अडतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. झोपेतल्या रुग्णाची वेळ ‘शेवटचं नीट पाहिलं तेव्हा’पासून मोजतात. काही ठिकाणी एमआरआय करून उशिरा आलेल्यांनाही ते देता येतं, म्हणून वेळ गेली असं स्वतःच ठरवू नका. सकाळी तोंड वाकडं, एक हात लुळा किंवा बोलणं अडखळतं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून नंदुरबारपर्यंतच बराच वेळ जातो, मधल्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका. तोंडात पाणी, गोळी, ॲस्पिरिन काहीही घालू नका. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रात्री कितीला जेवले, कितीला बोलले, मध्ये लघवीला उठले तेव्हा चाल ठीक होती का, हे कागदावर लिहून घ्या आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती पाकिटासकट डॉक्टरच्या हातात द्या.