बोटीच्या मशीनचा ब्लॉक गळतोय? नवा घेण्याआधी हे वाचा

"भाऊ, ब्लॉक फुटी गया," असं म्हणतच बरेच जण टेम्पोतून मशीन उतरवतात. खोलून पाहिलं की बहुतेक वेळा ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलेंडर असतात तो ओतीव सांगाडा, शाबूत निघतो. पाणी येत असतं हेडच्या (सिलेंडरवरच्या झाकणाच्या) नाहीतर एक्झॉस्ट कव्हरच्या (धुराच्या वाटेवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून. पॅकिंगचा खर्च आणि ब्लॉकचा खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून आधी गळती शोधायची, मग पैशांचं बोलायचं, अशी आमच्याकडची रीत आहे.

आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या मशीनला, रेडिएटर नसतो. खालच्या पायातला रबरी इंपेलर नदीचंच पाणी ओढतो, ते ब्लॉकभोवतीच्या पोकळीतून फिरतं आणि बाहेर पडतं. त्यातलीच थोडी धार मागून सुटलेली दिसते. ती जोरात आणि कोमट येत असेल तर ठीक. बारीक झाली, थांबली किंवा वाफाळली, तर मशीन तिथेच बंद करा. काठ गाठायच्या नादात आणखी पाच मिनिटं ओढलेलं मशीन हेड वाकवून घेतं आणि मग गळती सुरू होते.

आपल्याकडे हे जास्त का होतं? तापीत आणि धरणांच्या पाण्यात जलपर्णी आहे, प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पाय गाळातून फिरतो. जाळी तुंबते, इंपेलर झिजतो, मशीन तापतं. दुसरं कारण म्हणजे किनाऱ्यावरून आणलेली जुनी मशीन. आपलं पाणी गोडं, पण त्या मशीनच्या पोटात खाऱ्या पाण्याचं मीठ आधीच बसलेलं असतं. रंग नवा मारलेला असतो. आत बोल्टभोवती पांढरी भुकटी आणि खाल्लेलं ॲल्युमिनियम. घेण्याआधी दाखवायला आणलंत तर आम्ही पाहून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यावर, नवापूरकडे मासेमारी करणारे एक आबा असंच एक मशीन घेऊन आले होते. दोन जागी पुट्टी थापलेली, तरी ब्लॉकखाली ओल. दोन सिलेंडरच्या स्पार्क प्लगपैकी एक काळा-तेलकट, दुसरा धुतल्यासारखा लख्ख. असा लख्ख प्लग दिसला की समजायचं, पाणी सिलेंडरमध्ये शिरतंय आणि वाफ होऊन त्याला धुतंय. हेड काढून त्यावर सरळ पट्टी ठेवली, तर मधून ०.२ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज गेलं. ०.१ च्या वर वाक असेल तर आम्ही तसं हेड पुन्हा बसवत नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत हेड घासून सपाट केलं. नवं पॅकिंग, नवा इंपेलर. पाण्याच्या जाळीत जलपर्णीच्या मुळांचा गुंता निघाला, तो आबांच्या हातात दिला. ब्लॉक जुनाच राहिला.

ब्लॉकची खरी परीक्षा हवेने होते. पोकळीची सगळी तोंडं बंद करून साधारण १५ पीएसआय हवा भरतो आणि ब्लॉक पाण्यात बुडवतो. सायकलची ट्यूब टबात धरून पंक्चर शोधतात ना, तसंच. बुडबुडे कुठून येतात ते तुमच्यासमोरच दाखवतो.

चीर बाहेरच्या भिंतीला असेल तर आरगॉन वेल्डिंग होतं. पण तेल आणि मीठ मुरलेलं ओतीव ॲल्युमिनियम नीट साफ करून, आधी गरम करून घ्यावं लागतं. नाहीतर टाका धरत नाही, शेजारी नवी चीर पडते. बाहेरच्या बाजूला बारीक छिद्र असेल तर इपॉक्सी पुट्टी हंगाम काढून देते, हे मान्य. सिलेंडरच्या बाजूला मात्र ती अजिबात चालत नाही. बोल्टचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवतो, त्यासाठी ब्लॉक टाकून द्यायची गरज नाही.

चीर बोअरपर्यंत (सिलेंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत) गेली असेल, हेड बसतं ती कडा मिठाने खाल्ली असेल किंवा क्रँकच्या बेअरिंगची जागा फुटली असेल, तर आम्ही वेल्डिंग करत नाही. कितीही आग्रह केलात तरी. अक्कलकुवा-धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यावर बोटीत माणसं असतात, आजारी असतात, लेकरं असतात. मधोमध बंद पडणारं मशीन आम्हाला द्यायचं नाही. तिथे ब्लॉक बदलायचा. दुसरा वापरलेला ब्लॉक मिळाला तर आमच्याकडून कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या. सिलेंडरा-सिलेंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर स्वस्तातला सौदा महागात पडतो. पूर आल्यावरच बाहेर निघणाऱ्या बचाव बोटींची मशीनही पावसाळ्याआधी एकदा ड्रमात चालवून पाहा.

घरी एवढं करा: पाण्याबाहेर मशीन चालू करून बघू नका, मिनिटभरातच इंपेलर करपतो. पाय ड्रमातल्या पाण्यात पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत बुडवून मगच चालू करा. इंपेलर वर्षातून एकदा बदला.

येताना ब्रॅकेटवरच्या पट्टीचा मॉडेल आणि सिरीयल नंबरासह फोटो आणा, नाहीतर पॅकिंग दुसऱ्याच मॉडेलचं येतं. आणि पुट्टी आधीच लावली असेल तर कुठे लावली ते सांगा. रंगाखालची पुट्टी शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो.