कायमचं अपंगत्व आणि अमेरिकेतलं शैक्षणिक कर्ज : पार्श्वभूमी

कर्ज काढून शिकलेला माणूस कायमचा अपंग झाला तर त्याचं कर्ज माफ करायचं, ही तरतूद अमेरिकेत १९५८ पासून आहे. आदल्याच वर्षी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला होता. हादरलेल्या अमेरिकेने विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज देणारा कायदा केला आणि कर्जदार वारला किंवा कायमचा, पूर्ण अपंग झाला तर देणं रद्द, हेही त्यातच लिहून ठेवलं. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानंतर कर्जांचा पसारा वाढला. माफी कायद्यात राहिली, पण अपंग कर्जदारांमागची वसुली काही थांबली नाही. सगळं अडायचं ते एकाच ठिकाणी : अपंगत्व कोणी, कोणापुढे आणि किती वेळा सिद्ध करायचं?

वसुली किती कडक होती ते पाहा. १९९१ मध्ये या कर्जांच्या वसुलीवरची कालमर्यादा उठली. १९९६ पासून सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे वृद्धांना आणि अपंगांना सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनच्या, मासिक रकमेतूनही कपात करता येऊ लागली; महिन्याचे ७५० डॉलर तेवढे सोडायचे. ही रक्कम महागाईबरोबर वाढवायची सोय कायद्यात नव्हती. जेम्स लॉकहार्ट या कर्जदारांनी १९८४ ते १९८९ या काळात काढलेल्या कर्जापोटी सरकारने २००२ पासून त्यांची सामाजिक सुरक्षा कापायला सुरुवात केली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ मध्ये एकमताने हरले.

माफीच्या बाजूला संशय शिरला तो १९९९ मध्ये. शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांना माफी मिळालेले काही जण पगार घेताना आढळले. मग २००२ पासून माफी 'सशर्त' झाली, म्हणजे तीन वर्षं उत्पन्नावर नजर. पुढे नियम बदलत गेले, तरी दरवर्षी उत्पन्नाचा फॉर्म भरून पाठवण्याची अट सुटली नाही. फॉर्म पोहोचला नाही की माफ झालेलं कर्ज पुन्हा अंगावर. आपल्याकडे दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावणारे आजी-आजोबा ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही धास्ती वेगळी सांगायला नको. अमेरिकेत तर हा फॉर्म भरणारा माणूस मेंदूला इजा झालेला किंवा अंथरुणाला खिळलेलाही असू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने आकडा दिला : ज्यांची कर्जं परत अंगावर आली, त्यांतल्या ९८ टक्के प्रकरणांत कारण फॉर्म न येणं हेच होतं, जास्त कमाई नव्हे. फसवणूक रोखायला केलेला नियम आजारी माणसांनाच पकडत होता.

त्याच वर्षी शिक्षण खात्याने सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा माफीला पात्र असे ३,८७,००० कर्जदार सापडले. त्यांपैकी सुमारे १,७९,००० जणांचं कर्ज थकलेलं होतं. म्हणजे एका सरकारी खात्याला ज्याचं अपंगत्व मान्य, त्याच्याच मागे दुसरं खातं वसुलीला लागलेलं. आणि एवढं कळूनही पात्र लोकांना पत्रंच गेली. अर्ज त्यांनीच करायचा होता.

अर्जाविना माफी आधी मिळाली ती अपंग माजी सैनिकांना, ऑगस्ट २०१९ मधल्या ट्रम्प यांच्या आदेशाने. माफ झालेली रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर केंद्रीय प्राप्तिकर लागायचा, तोही २०१८ पासून थांबला होता. बाकीच्यांची पाळी ऑगस्ट २०२१ मध्ये आली : नोंदी जुळवून ३,२३,००० जणांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करण्याची घोषणा झाली. तीन वर्षांची पाळत १ जुलै २०२३ पासून नियमांतूनच गेली. सरकारी यादीत नाव नसलेल्यांना वैद्यकीय दाखला अजूनही लागतो, मात्र आता तो परवानाधारक मानसशास्त्रज्ञही देऊ शकतात.

आपल्याकडून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांना हे सरकारी कर्ज मिळत नाही, त्यामुळे ही माफीही त्यांना लागू नाही. तिथे नागरिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांना ती लागू होते.