अन्यायाविरुद्धच्या अनुभवावर निबंध आणि शिष्यवृत्ती: मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी अर्ज कसा करावा

‘अन्याय दिसला तेव्हा तुम्ही काय केलंत?’ अशा विषयावर निबंध मागवून शिष्यवृत्ती किंवा बक्षीस देणाऱ्या संस्था देशात आणि परदेशात आहेत. चांगलं लिहिणारी मुलं यात बहुतेकदा कागदपत्रांपाशी अडकतात. म्हणून निबंधाला हात घालण्याआधी कागदांच्या मागे लागा.

सगळ्यात आधी पात्रतेची अट शब्दन्‌शब्द वाचा. नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांच्या प्रतिष्ठानची १९८९मध्ये सुरू झालेली नीतिशास्त्रावरची निबंध स्पर्धा अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी आखलेली आहे. मुंबईत बसून कितीही छान लिहिलं तरी तिथे उपयोग नाही. याउलट रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीच्या, १८८३पासूनच्या निबंध स्पर्धेत भारतातली १८ वर्षांपर्यंतची मुलं भाग घेऊ शकतात आणि शुल्कही नाही. वय कोणत्या तारखेला मोजणार, इयत्ता कोणती, निबंध मराठीत चालतो का, एवढं आधी पाहून घ्या. स्पर्धेच्या अर्जासाठी कोणी फोन करून पैसे किंवा ओटीपी मागत असेल तर तिथेच थांबा.

कागदपत्रांत बोनाफाईड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुकाचं पहिलं पान हे सहसा लागतंच. वय १८च्या आत असेल तर पालकांची संमतीही. आर्थिक अट असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा, आणि वेळ खातो तो हाच. अर्ज ‘आपले सरकार’वर किंवा सेतू केंद्रात करता येतो. उपनगरात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत, शहर जिल्ह्याचं कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये आहे. आपला पत्ता कुठे मोडतो हे आधी बघा. दाखल्यावरची मुदत सहसा ३१ मार्चपर्यंत असते, त्यामुळे मागच्या वर्षीचा दाखला चालेल असं गृहीत धरू नका. आईवडिलांकडे पगाराची पावती नसेल, तर उत्पन्नाचा पुरावा म्हणून काय चालेल ते सेतू केंद्रात पहिल्याच फेरीत विचारून घ्या.

नाव जुळतंय का, हेही आत्ताच तपासा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर मात्र स्वतःचं नाव आधी. एवढा फरक चालून जातो, पण स्पेलिंगच वेगळं असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.

आता निबंध. ‘आज समाजात सर्वत्र अन्याय बोकाळला आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका, परीक्षकांनी ते शेकडो वेळा वाचलेलं असतं. महाडचा १९२७चा सत्याग्रह किंवा सावित्रीबाईंचं कार्य जरूर येऊ द्या, पण अर्धा निबंध त्यातच संपवू नका. विचारलंय ते तुमच्याबद्दल. समजा, तुमची आई एखाद्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते. कामवाल्यांची लिफ्ट बंद आहे आणि वॉचमन दुसऱ्या लिफ्टमध्ये चढू देत नाही, म्हणून ती अकरा मजले जिने चढते. तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलंत. त्या पत्रात काय होतं, ते द्यायला जाताना आई काय म्हणाली, तिला काम जाण्याची भीती वाटली का, पुढे काय झालं, हे सगळं लिहा. काहीच बदललं नसेल तर तेही तसंच लिहा. हरलेली लढाई खोटी जिंकून दाखवण्याची काही गरज नाही, आणि माझ्या मते खरा निबंध तिथेच उभा राहतो.

माणसांची, इमारतीची, शाळेची खरी नावं मात्र बदला. निवडलेले निबंध छापले जाऊ शकतात, आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. शिवाय निबंध म्हणजे तक्रार नाही. तुम्ही लिहिताय तो त्रास आजही चालू असेल, तर अर्जाच्या निकालाची वाट पाहत बसू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा.

शब्दमर्यादा पाळा. शिफारसपत्र लागणार असेल तर सरांना किंवा बाईंना दोन आठवडे आधी सांगा आणि निबंधाचा कच्चा मसुदा वाचायला द्या, म्हणजे पत्र तुमच्याबद्दल होईल, साच्यातलं होणार नाही. अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. भरून झाला की अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा, पीडीएफ स्वतःलाच मेल करा आणि दिलेला मोबाईल नंबर निकाल लागेपर्यंत बदलू नका.