लष्करी हस्तक्षेपाचे कथन

लष्करी हस्तक्षेपाचे कथन : दुसऱ्या देशाच्या हद्दीत फौजा पाठवताना, त्याच्या आधी आणि नंतरही, स्वतःच्या जनतेला व जगाला त्या कृतीचा जो अर्थ सांगितला जातो, तो. कुरापत कोणी काढली, पीडित कोण, फौजा गेल्या नाहीत तर काय ओढवेल आणि मुख्य म्हणजे घटनाक्रम कोणत्या तारखेपासून मोजायचा, हे सगळे त्यात येते. मराठी वृत्तपत्रांत यासाठी ‘नॅरेटिव्ह’ हा शब्द रुळला आहे, पण तिथे त्याचा अर्थ बहुधा ‘खोटा प्रचार’ एवढाच धरला जातो. तो अपुरा आहे. कथन पूर्ण खरे असू शकते, अर्धे खरे असू शकते. त्याची ताकद काय सांगितले यापेक्षा कुठून सुरुवात केली यात अधिक असते.

परराष्ट्र धोरणात कथनाला इतके वजन येते, कारण इथे नागरिकाला पडताळा घेता येत नाही. महागाई वाढली की नाही हे खिशाला कळते. परक्या समुद्रात मध्यरात्री काय घडले हे मात्र सरकार, सैन्य आणि त्यांच्याकडून बातमी मिळवणारी माध्यमे सांगतील तेवढेच कळते. त्यात कायद्याची भर पडली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेतील कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करते. स्वसंरक्षण (कलम ५१) आणि सुरक्षा परिषदेची परवानगी, हे दोनच अपवाद. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक हस्तक्षेप स्वसंरक्षण, परवानगी किंवा ‘तिथल्या सरकारनेच बोलावले’ यांपैकी कशात तरी बसवून सांगितला जातो. चेकोस्लोव्हाकियात ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले ते ‘बंधुत्वाची मदत’ म्हणून. मदत मागणारे पत्र काही कट्टर चेकोस्लोव्हाक कम्युनिस्ट नेत्यांनी खरोखरच लिहिले होते, आणि तेही रशियन भाषेत. ते मॉस्कोच्या दप्तरखान्यात पडून राहिले आणि १९९२मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी ते प्राग सरकारच्या हवाली केले.

नाव ठेवणे ही कथनाची पहिली पायरी. ‘युद्ध’ हा शब्द टाळण्याची धडपड जुनी आहे. इंडोनेशियात १९४७ व १९४८-४९मध्ये डच फौजांनी केलेल्या मोहिमांना नेदरलँड्सने ‘पोलीस कारवाई’ म्हटले. कोरियातील १९५०च्या लढाईसाठी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी तोच शब्द मान्य केला, आणि हैदराबाद संस्थानात सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्य गेले तेही याच नावाने. तीन ठिकाणची कारणे एकमेकांशी जुळत नाहीत, शब्द मात्र एकच. कारण पोलीस जातात ते आपल्याच हद्दीत, हे त्या शब्दात न बोलता येते. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर केलेल्या आक्रमणाला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटले. मार्चमध्ये सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, आणि तिथे ‘युद्ध’ म्हणणेही धोक्याचे झाले.

उत्तर व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातातील प्रकरण या विषयात नेहमी उद्‌धृत होते, पण त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांनी २ ऑगस्ट १९६४ रोजी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन विनाशिकेवर हल्ला केला, तो खरा होता. ४ ऑगस्टच्या काळोख्या, वादळी रात्री ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ यांना पुन्हा हल्ला झाल्यासारखे वाटले. रडारवर ठिपके दिसत होते, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनारवर टॉर्पेडोंचे आवाज येत होते, आणि दोन्ही नौका अंधारात तोफा डागत राहिल्या. ताफ्याचे प्रमुख हेरिक यांनी काही तासांतच कळवले, की बरेचसे टॉर्पेडो संशयास्पद वाटतात, हवामानामुळे रडार फसले असावे, सोनारवाल्यांचा उत्साहही जास्त झाला असावा. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी नीट छाननी करावी. छाननी झाली नाही. त्याच रात्री अध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून प्रतिहल्ल्याची घोषणा केली. ७ ऑगस्टला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव केला : प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २.

दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आता सर्वमान्य आहे. पण अधिक महत्त्वाची गफलत पहिल्या, खऱ्या हल्ल्याच्या सांगण्यात होती. जुलैच्या अखेरीस दक्षिण व्हिएतनामच्या नौकांनी अमेरिकेच्या मदतीने उत्तरेच्या बेटांवर मारा केला होता. तो वगळून गोष्ट २ ऑगस्टपासून सुरू केली, की ‘विनाकारण हल्ला’ हे शब्द आपोआप खरे वाटू लागतात. इथे खोटे बोलावेच लागत नाही.

कथनाला चेहरा लागतो. कुवेतवर इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कब्जा केला. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस सदस्यांच्या मानवाधिकार गटासमोर ‘नायिरा’ एवढेच नाव सांगणारी १५ वर्षांची मुलगी रडत रडत म्हणाली, की इराकी सैनिकांनी इस्पितळातील अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून थंड फरशीवर टाकले. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी हा प्रसंग पुढे वारंवार सांगितला. जानेवारी १९९१मध्ये सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ अशी निसटती मंजुरी दिली, त्या चर्चेतही तो आला. मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती, हे जानेवारी १९९२मध्ये छापून आले. इन्क्युबेटरच्या कथेला पुरावा मिळाला नाही. कुवेत बळकावले गेले होते आणि तिथे खरोखर अत्याचार झाले होते, तरीही ही कथा लागली. कब्जा ही राजनैतिक घटना. फरशीवरचे अर्भक मात्र कोणालाही समजते.

नवे संकट जुन्या संकटाच्या साच्यात ओतणे, हा आणखी एक मार्ग. सप्टेंबर १९३८च्या म्युनिक करारात ब्रिटन व फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊ केला; त्यानंतर ‘हुकूमशहापुढे नमते घेतले की तो सोकावतो’ हे सूत्र पाश्चात्त्य राजकारणात पक्के बसले. सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९५६मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना इजिप्तच्या नासरमध्ये मुसोलिनी दिसला; १९९०मध्ये थोरल्या बुश यांनी इराकच्या सद्दामची तुलना हिटलरशी केली. ‘दुसरे व्हिएतनाम होईल’, म्हणजे न संपणाऱ्या युद्धात अडकू, हा उलट साचाही तितकाच आयता आहे. साचा निवडला, की निर्णय अर्धा झालेला असतो.

श्रद्धा कशी बनते याचे बोलके उदाहरण इराकचेच. वॉशिंग्टन पोस्टच्या २००३मधील पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात सद्दामचा हात असण्याची शक्यता वाटत होती. बुश प्रशासनाने तसा थेट आरोप सहसा केला नव्हता. मात्र भाषणांत दोन्ही विषय शेजारीशेजारी येत राहिले आणि जोडणी श्रोत्याने केली. असा पुरावा नाही, हे धाकट्या बुश यांनी सप्टेंबर २००३मध्ये सांगितले, तोवर बगदाद पडून पाच महिने झाले होते.

हेतू चांगला असलेल्या हस्तक्षेपालाही कथन चुकत नाही. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले असताना डिसेंबर १९७१मध्ये भारताने सुरक्षा परिषदेत पीडितांच्या सुटकेची भूमिका मांडली, पण कायदेशीर आधार म्हणून ३ डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्यांकडे बोट दाखवले. आमसभेने ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी मागितली. मानवतेसाठी हस्तक्षेप ही भाषा तेव्हा जगाच्या कानाला सरावाची नव्हती. कोसोव्हो (१९९९) आणि लिबिया (२०११) येथे तीच मुख्य भाषा झाली.

खोटे उघडे पडल्यावर काय होते, याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. जर्मन सैन्याने ऑगस्ट १९१४मध्ये बेल्जियममध्ये नागरिकांची कत्तल केली. एकट्या दिनां शहरात साडेसहाशेहून अधिक माणसे मारली गेली. त्या सत्यावर ब्रिटिश वृत्तपत्रांनी कथा चढवल्या. जर्मन लोक मृत सैनिकांपासून चरबी काढतात, ही १९१७मधली त्यांतली सर्वांत भयंकर. १९२५मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी ती निराधार असल्याचे संसदेत मान्य केले. मग खोट्याबरोबर खरेही वाहून गेले, आणि बेल्जियममधले सगळेच अत्याचार बनावट ठरू लागले. ऑगस्ट १९४३मध्ये पोलंडमधील विषारी वायूच्या कोठड्यांची माहिती लंडनला पोचली, तेव्हा ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांनी शेरा मारला, की हे ऐकून मागच्या युद्धातल्या त्या चरबीच्या गोष्टीची आठवण होते.

असेच पुन्हा घडले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत हातात कुपी धरून इराककडील जैविक अस्त्रांचे वर्णन केले. ती अस्त्रे सापडली नाहीत. त्यानंतर १९ वर्षांनी रशिया युक्रेनवर चालून जाणार, असे अमेरिका व ब्रिटन उपग्रह छायाचित्रांसह सांगत होते, तेव्हा युरोपातील अनेक राजधान्यांनी इराकची आठवण काढून अविश्वासाने मान हलवली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे हल्ला सुरू झाला. जर्मनीच्या परदेशी गुप्तहेर खात्याचे तत्कालीन प्रमुख ब्रुनो काल हे त्या दिवशी कीवमध्येच होते. विमाने बंद पडल्याने त्यांना रस्त्याने बाहेर काढावे लागले.