तीन पट्ट्यांचा सातबारा

30 ऑक्टोबर 2013 रोजी अमेरिकेतल्या स्प्रिंट कंपनीने ‘स्पार्क’ नावाची सेवा जाहीर केली. 800 मेगाहर्ट्झ, 1.9 गिगाहर्ट्झ आणि 2.5 गिगाहर्ट्झ अशा रेडिओ लहरींच्या तीन पट्ट्यांवर चालणारं फोरजी. जिथे जो पट्टा सोयीचा, तिथे फोन आपणहून त्यावर जाणार आणि कमाल वेग सेकंदाला 50 ते 60 मेगाबिट मिळणार. सुरुवात न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, टँपा आणि मायामी या पाच शहरांच्या काही भागांत होती. पुढच्या तीन वर्षांत देशातली सुमारे 100 मोठी शहरं घ्यायचं ठरलं होतं. प्रयोगशाळेत तर सेकंदाला एक गिगाबिटचं प्रात्यक्षिकही करून दाखवलं.

एवढे आकडे समोर असल्यावर ‘तीनच पट्टे का, आणि हेच का?’ असं कोण विचारतो? त्याचं अर्धं उत्तर तंत्रज्ञानात आहे आणि अर्धं मालकीहक्कात. जमिनीचा व्यवहार करताना आपल्याकडे आधी सातबारा काढतात. मूळ मालक कोण, कुळ कोण, फेरफार कधी झाले, हे पाहतात. स्पार्कच्या तीन पट्ट्यांचे उतारे काढले तर त्यांत टॅक्सीवाले निघतात, पोलीस निघतात आणि शाळासुद्धा निघतात.

तंत्रज्ञानाचा अर्धा भाग थोडक्यात उरकतो. 800 मेगाहर्ट्झची एक लहर साधारण 37 सेंटिमीटर लांब असते, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा जराशी मोठी. 2.5 गिगाहर्ट्झची जेमतेम 12 सेंटिमीटर. पहिली लांबवर जाते आणि भिंतींतून आत घरात पोचते. दुसरी लवकर दमते, तिला टॉवर जवळजवळ लागतात. पण वेग शेवटी ठरतो तो हातात किती रुंद पट्टा आहे त्यावर, आणि रुंदी 2.5 मध्ये होती. म्हणून घराच्या आत 800, उघड्यावर आणि गर्दीत 2.5, आणि मधली बाजू सांभाळायला 1.9.

आता उतारे.

800 च्या पट्ट्यात मूळचे रहिवासी म्हणजे टॅक्सी, मालवाहू ट्रक, प्लंबर, काँक्रीटच्या गाड्या. मालक कचेरीत बसून वायरलेसवर सांगायचा, अमुक पत्त्यावर जा. असे छोटे छोटे परवाने देशभर विखुरलेले होते. मॉर्गन ओब्रायन नावाच्या वकिलाने 1987 मध्ये ‘फ्लीट कॉल’ कंपनी काढली आणि ते एकेक करून विकत घ्यायला सुरुवात केली. गावभर विखुरलेले गुंठे जमवून मोठा प्लॉट करणारा बिल्डर आठवावा, तसंच हे. 1991 मध्ये एफसीसी या नियामक संस्थेने तिथे डिजिटल जाळं उभारायची मुभा दिली आणि 1993 मध्ये कंपनीचं नाव ‘नेक्स्टेल’ झालं. मोटोरोलाच्या आयडेन तंत्रावर चालणारे तिचे फोन बटण दाबलं की ‘चिर्र्प’ असा आवाज करून वॉकीटॉकीसारखे बोलू लागायचे. बांधकामाच्या साइटवर तो आवाज ओळखीचा झाला.

भानगड शेजाऱ्यांशी झाली. त्याच 800 च्या पट्ट्यात पोलीस आणि अग्निशमन दलाचे वायरलेस होते. परवाने विस्कळीत दिले गेल्यामुळे दोघांचे चॅनेल एकमेकांत गुंतलेले होते. पोलिसांचा टॉवर दूर, उंच, एकुलता एक. नेक्स्टेलचे टॉवर जवळजवळ आणि बुटके. पोलीस शिपाई नेमका नेक्स्टेलच्या टॉवरखाली उभा असेल तर जवळच्या गोंगाटात त्याला कंट्रोल रूमचा दूरचा आवाज ऐकू येईना. दोघांचे परवाने कायदेशीर होते. तरी शिपायाला मदत मागता येत नव्हती.

2004 मध्ये एफसीसीने तोडगा काढला. सगळा पट्टा नव्याने आखायचा, पोलिसांचे चॅनेल एका बाजूला न्यायचे आणि त्यांचे संच बदलण्याचा खर्च नेक्स्टेलने करायचा. मोबदल्यात नेक्स्टेलला 1.9 गिगाहर्ट्झमध्ये 10 मेगाहर्ट्झ मिळाले. त्यांची किंमत सरकारने सुमारे 4.8 अब्ज डॉलर धरली. काम 36 महिन्यांत संपायचं होतं. मेक्सिकोच्या सीमेलगत ते स्पार्कच्या घोषणेच्या वेळीही चालूच होतं.

या तोडग्यातला तो 1.9 चा तुकडा लक्षात ठेवावा. 2005 च्या विलीनीकरणात नेक्स्टेलसोबत तो स्प्रिंटकडे आला. जुलै 2012 मध्ये स्प्रिंटने अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन, कॅन्सस सिटी आणि सॅन अँटोनिओ परिसरात आपलं पहिलं एलटीई (फोरजीचं एक तंत्र) सुरू केलं, ते याच तुकड्यावर. जाण्यासाठी 5 मेगाहर्ट्झ, येण्यासाठी 5. म्हणजे पोलिसांच्या तक्रारीतून स्पार्कचे दोन पट्टे घडले. एक साफ होऊन मिळाला आणि दुसरा भरपाईत आला.

1.9 चा बाकीचा भाग साधा आहे. 1994-95 च्या लिलावात स्प्रिंट आणि तिच्या केबल कंपन्या असलेल्या भागीदारांनी सुमारे 2.1 अब्ज डॉलरची बोली लावली. त्याआधी तिथे रेल्वे, वीज आणि तेल कंपन्यांचे मायक्रोवेव्ह दुवे होते. ते नव्या मालकांनी स्वखर्चाने हलवले. योगायोग असा की स्प्रिंट हे नावही रेल्वेच्याच घरातून आलेलं. सदर्न पॅसिफिक रेल्वेने रुळांलगतच्या आपल्या जाळ्यातून जो दूरध्वनी धंदा उभा केला, त्यात त्याचं मूळ आहे.

खरा गुंता 2.5 मध्ये आहे. 1963 मध्ये एफसीसीने हा भाग शाळांसाठी राखून ठेवला. एका उंच जागेवरून धडे प्रसारित करायचे आणि आजूबाजूच्या शाळांनी छपरावरच्या छोट्या अँटेनाने ते वर्गातल्या टीव्हीवर दाखवायचे. शालेय जिल्हे, विद्यापीठं आणि कॅथलिक धर्मप्रांतांनी हे परवाने घेतले. (आपल्याकडे 1975-76 मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून 2,400 खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले, पण ते 860 मेगाहर्ट्झवर होते. टीव्हीने शाळा पोचवायची ही आस सगळीकडचीच.) सगळ्या शाळांना दिवसभर पुरतील एवढे धडे काही तयार झाले नाहीत. 1983 पासून परवानाधारकांना उरलेली जागा भाड्याने द्यायची परवानगी मिळाली. नव्वदच्या दशकात तिथे बिनतारी केबल टीव्ही चालवणारे आले आणि बुडाले. 1999 मध्ये त्यांतल्या काहींना स्प्रिंटनेच विकत घेतलं.

प्रसारण डिजिटल झाल्यावर शाळेने फक्त 5 टक्के क्षमता शिक्षणासाठी राखायची आणि बाकीची भाड्याने द्यायची, असा हिशेब बसला. त्यामुळे 2.5 चा मालक होणं म्हणजे देशभर शेकडो घरमालकांशी करारनामे करणं. हे किचकट काम ज्यांनी चिकाटीने केलं त्यांत मोबाइल उद्योजक क्रेग मॅककॉ होते. त्यांनी 2003 मध्ये ‘क्लिअरवायर’ काढली. 2008 मध्ये स्प्रिंटने आपल्या ताब्यातला 2.5 क्लिअरवायरमध्ये घातला. गूगल, इंटेल, कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल आणि ब्राइट हाउस यांनी मिळून 3.2 अब्ज डॉलर ओतले. मोठ्या शंभर शहरांत सरासरी 160 मेगाहर्ट्झच्या आसपास, एवढी रुंदी तेव्हा अमेरिकेत कोणाकडे नव्हती.

मग चूक तंत्राच्या निवडीत झाली. इंटेलच्या लाडक्या वायमॅक्सवर, म्हणजे फोरजीच्याच दुसऱ्या एका तंत्रावर, पैज लावली होती. 2008 च्या सप्टेंबरमध्ये बाल्टिमोरला सेवा सुरू झाली. 2010 च्या जूनमध्ये एचटीसीचा इव्हो हा अमेरिकेतला पहिला फोरजी फोन आला, आणि काही महिने स्प्रिंट सगळ्यांच्या पुढे होती. पण उरलेलं जग एलटीईकडे वळलं. वायमॅक्सचे फोन मोजके, टॉवर विरळ आणि लहर भिंतीपाशी अडणारी. सर्वांत रुंद पट्टा हाती असून सर्वांत आधी पोचलेली कंपनी मागे पडली.

नेक्स्टेलचं ओझंही होतंच. 2005 मध्ये स्प्रिंट आणि नेक्स्टेलचं सुमारे 35 अब्ज डॉलरचं विलीनीकरण झालं. दोन जाळी दोन तंत्रांवर राहिली, ती कधी एकजीव झाली नाहीत, ग्राहक गळत गेले. तीन वर्षांच्या आत, 2008 च्या सुरुवातीला, जवळपास 30 अब्ज डॉलरचं मूल्य हिशेबातून कमी करावं लागलं. डॅन हेसी स्प्रिंटचे मुख्याधिकारी झाले ते हे निस्तरायला. मे 2012 मध्ये 800 वर एलटीई चालवायची मुभा मिळाली, 30 जून 2013 रोजी आयडेन बंद झालं आणि ‘चिर्र्प’ थांबला. जागा मोकळी झाली.

त्याच सुमाराला जपानचे मासायोशी सोन मैदानात आले. त्यांच्या सॉफ्टबँकेने जपानमध्ये 2.5 वर एलटीईचाच टीडी हा प्रकार चालवून पाहिला होता. त्यात जाणं-येणं एकाच पट्ट्यात वेळ वाटून होतं, आणि क्लिअरवायरच्या पट्ट्याला तो अगदी मापाचा होता. डिश या उपग्रह टीव्ही कंपनीशी चढाओढ झाली. क्लिअरवायरच्या एका समभागाचा भाव 2.97 डॉलरवरून 5 डॉलरवर गेला. 9 जुलै 2013 रोजी क्लिअरवायर स्प्रिंटकडे आली आणि दुसऱ्या दिवशी 21.6 अब्ज डॉलरच्या व्यवहारात स्प्रिंट सॉफ्टबँकेकडे गेली. तिन्ही उतारे एका नावावर आले आणि साडेतीन महिन्यांनी स्पार्कची घोषणा झाली.

फोनमध्ये मात्र जुना वारसा बोलत होता. स्प्रिंटचे कॉल सीडीएमए या जुन्या तंत्रावर चालत. तीन पट्ट्यांच्या पहिल्या फोनांत एलटीई आणि सीडीएमए एकाच वेळी चालू ठेवायची सोय नव्हती. कॉल आला की फोन एलटीई सोडून खाली उतरायचा आणि बोलणं संपेपर्यंत इंटरनेट थांबायचं. नव्या टॉवरचा आणि जुन्या एक्स्चेंजचा मेळ ज्या भागात बसलेला नव्हता, तिथे फोन थ्रीजीवरच अडकून बसे. 2016 मध्ये रिलायन्स जिओने 850, 1800 आणि 2300 अशा तीनच पट्ट्यांवर सेवा सुरू केली. तिच्याकडे जुनं जाळंच नसल्याने कॉलही एलटीईवरूनच गेले. कोऱ्या पाटीचा हा फायदा स्प्रिंटला कधीच नव्हता.

ऑगस्ट 2014 मध्ये हेसी गेले आणि मार्सेलो क्लाउरे आले. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये ‘एलटीई प्लस’ हे नवं नाव आलं आणि स्पार्क मागे पडलं. कर्ज राहिलं. 1 एप्रिल 2020 रोजी स्प्रिंट टी-मोबाइल या प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन झाली. त्याच महिन्यात टी-मोबाइलने फिलाडेल्फियात आणि मे उजाडताच न्यूयॉर्कमध्ये 2.5 वर फाइव्हजी सुरू केलं. स्प्रिंटला ज्या रुंदीचं सोनं करता आलं नाही, ती तिच्या खरेदीदाराने पहिल्याच झटक्यात वापरात आणली. त्याआधी, जुलै 2019 मध्ये, एफसीसीने 2.5 चे परवाने फक्त शिक्षणसंस्थांनाच देण्याची अट काढून टाकली होती. जुने परवाने मात्र बरेचसे शाळांकडेच राहिले, आणि त्यांचं भाडं आता टी-मोबाइल भरू लागली.