मालवाहू जहाजांवरील हायड्रोजन इंधन घट (फ्युएल सेल)

हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या रासायनिक संयोगातून जहाजासाठी वीज तयार करणारे संच. यात ज्वलन होत नाही. हायड्रोजनचे प्रोटॉन घटातल्या पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या मंडलातून वळसा घेतात, आणि हाच विद्युतप्रवाह. मागे उरते ते पाणी आणि उष्णता.

जहाज धक्क्याला लागल्यावर मुख्य इंजिन बंद होते, पण दिवे, पंप आणि फळे-मासळीचे शीतकंटेनर (रीफर) यांना वीज लागतेच. ती बहुधा डिझेल जनरेटर पुरवतात, आणि त्यांचा धूर बंदरालगतच्या वस्तीत जातो. त्यातही भार कमी असला की डिझेल जनरेटरची कार्यक्षमता घसरते, इंधन घटाची मात्र टिकून राहते. त्यामुळे या तंत्राची खरी जागा आधी बंदरात आहे, भर समुद्रात नंतर. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने होनोलुलू बंदरात तेच आजमावले. २० फुटी कंटेनरमध्ये बसवलेला १०० किलोवॉटचा संच २०१५ मध्ये तेथे आणून त्यावर रीफर चालवून पाहिले.

अडचण वजनाची नाही, जागेची आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे डिझेलच्या जवळजवळ तिप्पट. पण द्रवरूपात, उणे २५३ अंश सेल्सियसला ठेवला तरी तेवढ्याच ऊर्जेसाठी डिझेलच्या चौपट जागा लागते. दाबाखालच्या वायूला त्याहून बरीच जास्त.

नेदरलँड्समधील ‘एच२ बार्ज १’ हे नदी-कालव्यांतले कंटेनरवाहू जहाज डिझेलवरून हायड्रोजनवर आणले गेले आणि २०२३ पासून रॉटरडॅम ते बेल्जियममधील मेरहाउट या मार्गावर धावू लागले. त्यावर ८२५ किलोवॉटचे इंधन घट असून ३०० बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ३०० पट) दाबाचा सुमारे एक टन हायड्रोजन मावतो. निम्मी ऊर्जा विजेत उतरली असे धरले, तर पूर्ण क्षमतेवर हा साठा साधारण वीस तास पुरतो. ठरलेल्या अंतरात फेऱ्या मारणाऱ्या बार्जला तेवढे चालते. रीफर भरलेल्या सागरी जहाजाची नुसती विजेची गरज दोन मेगावॉट धरली, तरी हाच साठा आठ-नऊ तासांत संपेल, आणि महासागर ओलांडायला आठवडे लागतात.

शिवाय जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो. तो वापरला तर बंदराची हवा स्वच्छ होते, पण कार्बन फक्त कारखान्याच्या धुराड्याकडे सरकतो. जाहिरातींतल्या ‘शून्य उत्सर्जन’ या शब्दांत हा तपशील सहसा नसतो. सुरक्षेसाठी टाक्या आणि नळ्यांभोवती वायुवीजन व गळतीसूचक बसवावे लागतात. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर झपाट्याने वर निघून जातो. बंदिस्त खोलीत छताशी साचला, तर स्फोटाचा धोका असतो.

भारतात कोचीन शिपयार्डने बांधलेल्या हायड्रोजन नौकेचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जलावतरण झाले. ती वाराणसीसाठीची प्रवासी नौका आहे, मालवाहू नव्हे. तिचे इंधन घट पुण्याच्या केपीआयटी कंपनीचे आहेत.