सातबारा आणि भू-नकाशा: कोणता कागद काय सांगतो

वावर विकत घ्यायचं असो, भावाभावांत वाटणी करायची असो की शेजाऱ्यानं धुरा (बांध) कोरल्याचा संशय असो, हल्ली पहिली धाव मोबाईलकडे असते. एक जण सरकारच्या भूलेख वेबसाईटवर सातबारा काढतो, दुसरा भू-नकाशा या सरकारी वेबसाईटवर गट शोधतो आणि दोघांचे स्क्रीनशॉट भाऊबंदांच्या एकाच ग्रुपवर येऊन पडतात. मग सुरू होतं: "सातबाऱ्यावर चार एकर हाय, नकाशात तं तेवढं दिसत नाही." "नकाशात पांदण (वावरात जायची वाट) दिसते, सातबाऱ्यावर कुठं लिवली?" दोन्ही सवाल चुकीच्या कागदाला विचारलेले आहेत.

सातबारा हा हक्काचा आणि क्षेत्राचा हिशेब. जमीन कोणाची, किती आणि कोणत्या अटीवर, एवढं तो सांगतो. नकाशा सांगतो ती कुठं आहे, कशा आकाराची आहे आणि तिला लागून काय काय आहे. सातबाऱ्यावर चतुःसीमा नसतात. नकाशाला बँकेच्या कर्जाचं काही माहीत नसतं.

गोंधळाला थोडी वेबसाईटही कारणीभूत आहे. भू-नकाशावर जिल्हा, तालुका, गाव निवडून एखाद्या गटावर बोट ठेवलं की बाजूला खातेदारांची नावं आणि क्षेत्र उमटतं. पाहणाऱ्याला वाटतं, नकाशानंच ते क्षेत्र मोजून सांगितलं. ते आकडे सातबाऱ्याच्या नोंदीतून आलेले असतात, बाजूला काढलेल्या आकृतीवरून नव्हे. एकाच पडद्यावर दोन दफ्तरांचा माल मांडलेला आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धे वाद ग्रुपवर येणार नाहीत.

आधी सातबारा. भूलेख उघडलं की पहिल्यांदा विभाग विचारतात आणि पुष्कळ जण तिथंच अडकतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा हे अमरावती विभागात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे नागपूर विभागात. गट नंबर आठवत नसेल तर नावानं किंवा आडनावानंही शोधता येतं. इथं फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा सरकारी कामाला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. तो त्यासाठीच्या वेगळ्या पोर्टलवर १५ रुपये भरून निघतो आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकानं समोरचा माणूस तो खरा की खोटा ते तपासू शकतो. फुकटच्या उताऱ्याची रंगीत प्रिंट काढून तिच्यावर शिक्का मारून आणणारे महाभाग अजूनही भेटतात.

उतारा हाती आला की लोक आपलं नाव आणि क्षेत्र पाहतात आणि घडी घालतात. खरं तर वाचायचं असतं ते भोवती. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर, त्यामुळे १.६२ लिहिलेलं असेल तर ते चार एकर. त्यातून पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती, लागवडीलायक किती, ते वेगळं दिलेलं असतं. भोगवटादार वर्ग १ असेल तर विक्रीला सहसा अडचण नसते. वर्ग २ असेल तर आधी परवानगीचं बघा. 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाची नोंद, हस्तांतरणाची बंदी असं सगळं बसलेलं असतं. घेणाऱ्यानं व्यवहाराची बोलणी तिथून सुरू करावीत, असं माझं मत. फेरफार क्रमांक दिलेले असतात. एकेक क्रमांक म्हणजे खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र अशी एकेक घडामोड, आणि ते फेरफार उघडून पाहिल्याशिवाय नाव कसं चढलं ते कळत नाही.

विदर्भात या रकान्यांना जास्तच वजन आहे. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. नकाशात असा गट इतर गटांसारखाच चार रेघांत बसलेला दिसतो, जागेवर गेलं तर मोकळं पडीक रान दिसतं, आणि ले-आऊटवाला सांगतो, "काही नाही, सरकारी नावापुरतं हाय." मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी मानायच्या असा निकाल दिला आहे. नकाशा पाहून हे कधीच कळलं नसतं. भूदानात मिळालेल्या जमिनीचंही तसंच. वावर डोळ्यांना चांगलं काळं, कसदार दिसतं, पण ते विकता येतं का याचं उत्तर उताऱ्यातच असतं.

आता नकाशा. गावच्या नकाशात पांदण दिसते, नाला दिसतो, गावठाण दिसतं. भंडारा-गोंदियाकडं माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलावही दिसतात. वावर घेताना मला हे सातबाऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. चार एकर मिळाले, पण त्यात बैलगाडी कोणाच्या धुऱ्यावरून जाणार? पावसाळ्यात ट्रॅक्टर कुठून नेणार? आजवर शेजारी जाऊ देत होता, ती त्याची भलमनसाई होती. मालक बदलला की ती संपते. गटाला लागून नकाशावर पांदण असेल तर ती जागेवर नांगरली गेली असली तरी मोकळी करून मागायला आधार आहे. पांदण नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. तीन अर्ज वेगवेगळे आहेत. नकाशा पाहिल्याशिवाय यातला आपला कोणता ते ठरत नाही.

आकाराचंही पाहा. तेवढंच क्षेत्र चौकोनी असेल तर डवरणी सुखाची होते. लांबट पट्टा असेल, किंवा नाल्यानं तिरपा कापला असेल, तर प्रत्येक फेऱ्याला वळणावर चार पावलं वाया जातात.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र दोन्ही कागद एकमेकांशी जुळत नाहीत तिथं होतात. नेहमीचा मामला असा. समजा गट ११२ बापाच्या नावानं होता. तीन भावांनी वाटणी केली, फेरफार झाला, सातबारे फुटले: ११२/१, ११२/२, ११२/३. भू-नकाशा उघडला तर तिथं अजूनही एकच ११२, मधे एकही रेघ नाही. थोरला म्हणतो, रस्त्याकडची बाजू माझी. धाकटा म्हणतो, कुठं लिहिलंय? दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतात, कारण ते कुठंच लिहिलेलं नाही. फेरफारानं क्षेत्राची वाटणी झाली. जमिनीवर कोणाचा तुकडा कुठं, हे पोटहिस्सा मोजणी (गटातल्या तुकड्यांची मोजणी) होऊन नकाशात उतरल्याशिवाय ठरत नाही. वाटणीपत्राला हातानं काढलेला कच्चा नकाशा जोडून सगळ्यांच्या सह्या घेतल्या असतील तर थोडं सोपं जातं. बहुतेक ठिकाणी तो नसतो. आणि बाहेरचा माणूस असा ११२/२ विकत घेतो तेव्हा तो क्षेत्र विकत घेतो, जागा नंतर भांडून मिळवतो.

नंबरांचाही घोळ असतो. जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतावर एक नंबर, सातबाऱ्यावर दुसरा. जुना नंबर भू-नकाशावर टाकला तर भलत्याचंच वावर उघडतं. नागपूरकडच्या दस्तांत मौजा आणि प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर लिहिलेला असतो. सारख्या नावाची दोन गावं एका तालुक्यात असली की तोच कामाला येतो. समृद्धी महामार्गासारख्या कामात गटाचा मधला भाग गेला असेल तर कमी-जास्त पत्रक (गटाच्या क्षेत्रातल्या बदलाचा कागद) होऊन नकाशा दुरुस्त झाला का, ते वेगळं विचारावं लागतं. सातबाऱ्यावरून क्षेत्र कमी झालं म्हणजे रेघही सरकली असं नाही.

आता त्या रेघेबद्दल, कारण धुऱ्याची भांडणं तिच्यावरूनच पेटतात. १:५००० प्रमाणाचा गावनकाशा घ्या. त्यावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते, म्हणजे सव्वाआठ फूट. चार फुटांवर पेरलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळी त्या एका रेघेखाली झाकल्या जातात. मोबाईलवर दोन बोटांनी नकाशा मोठा केला की रेघ बारीक आणि नेमकी वाटायला लागते, पण मूळ कागद होता तेवढाच राहतो. मुंबई पद्धतीची जुनी मोजणी ३३ फुटी साखळीनं व्हायची (त्या साखळीचा चौरस म्हणजेच आपला १,०८९ चौरस फुटांचा गुंठा), आणि त्या नकाशांवर अक्षांश-रेखांश नव्हते. आता तेच नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवताना काही ओळखीचे बिंदू जुळवून बाकीचं ताणून घेतलेलं असतं. म्हणून खाजगी अ‍ॅपवर आपला गट शेजाऱ्याच्या विहिरीवर चढलेला दिसला तर लगेच काठी काढायचं कारण नाही. त्याच नकाशात शेजारचे पाच-सहा गट पाहा. सगळेच एका बाजूला सरकलेले असतील तर सरकलाय तो नकाशा, धुरा नव्हे. असे चढवलेले नकाशे गावात फिरवणाऱ्यांनी सर्वांत जास्त नुकसान केलंय, असं मी म्हणेन.

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून पीक नोंदवताना, हे दोन्ही कागद एकाच वेळी अंगावर येतात. पीक नोंदवलं जातं सातबाऱ्याच्या नमुना १२ मध्ये, पण फोटो घेताना अ‍ॅप नकाशावरून बघतं की तुम्ही गटाजवळ उभे आहात का. स्वतःच्या तुरीत उभ्या असलेल्या माणसाला मोबाईल सांगतो की तुम्ही गटापासून लांब आहात. कधी मोबाईलचं लोकेशन चुकलेलं असतं, कधी नकाशा सरकलेला, कधी अ‍ॅपमध्ये गट भलताच निवडलेला. मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबून पुन्हा पाहावं, गट नंबर तपासावा. तरी जमलं नाही तर मुदत संपायच्या आत पटवाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला, सांगावं. कागदावर त्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात त्या नावानं विचारलं तर कोणी घर दाखवणार नाही.

दुरुस्तीचे दरवाजेही वेगळे. सातबाऱ्यावर नाव चुकलं, हस्तलिखितातून संगणकावर घेताना क्षेत्र इकडचं तिकडं झालं, तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडं अर्ज. सोबत जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची नक्कल जोडावी. नकाशातल्या चुकीसाठी तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय, ज्याला सगळे मोजणी ऑफिस म्हणतात. तिथं आकारबंदाची नक्कल मागा. गटाचं मूळ क्षेत्र त्यात असतं आणि सातबारा त्याच्याशी जुळायला हवा. पटवाऱ्याच्या टेबलावर नकाशाची तक्रार घेऊन हेलपाटे घालणारे पुष्कळ आहेत. त्याच्या हातात ती रेघ हलवायचं काही नाही.

आणि धुऱ्याचाच वाद असेल तर स्क्रीनशॉट कितीही जमवा, हद्द कायम मोजणीला (हद्दी ठरवून देणाऱ्या सरकारी मोजणीला) पर्याय नाही. अर्ज ऑनलाईन होतो, शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते, भूमापक यंत्र घेऊन येतो, खुणा दाखवतो आणि नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. तारखेला शेजारी हजर राहील असं पाहा. नोटिशीवर सही करून ऐन दिवशी बाजाराला जाणारे असतात. उभ्या पऱ्हाटीत आणि डोक्याएवढ्या तुरीत मोजणी नीट होत नाही. वावर मोकळं असतं ते फेब्रुवारीपासून पेरणीपर्यंत, आणि त्या महिन्यांत मोजणी ऑफिसला गर्दीही तेवढीच. अर्ज दिवाळी झाली की टाकून द्यावा.